उच्चतापसह तंतु-संमिश्रांची पेटंटे

निकेलची मिश्रधातूही जिथे दम सोडते, अशा तापमानाला टिकणारी तंतुप्रबलित द्रव्ये आणि त्यांवरील पेटंट-हक्क. तंतू कार्बनचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. त्यांना धरून ठेवणारे आधारद्रव्यही बहुधा त्याच जातीचे. कार्बन-कार्बन संमिश्र निर्वात जागी २,००० अंश सेल्सिअसच्या वरही टिकते, पण हवेत सुमारे ५०० अंशांपुढे जळू लागते. म्हणून त्यावर संरक्षक लेप द्यावा लागतो. सिलिकॉन कार्बाइडचे तंतू बनवण्याची वाट जपानच्या सेइशी याजिमा यांनी १९७५ मध्ये दाखवली. भारतात २२ मे १९८९ रोजी चांदीपूरहून उडालेल्या ‘अग्नी’ क्षेपणास्त्राच्या नासिकाग्रासाठी कार्बन-कार्बन वापरले गेले.

तंतू ठिसूळ, आधारद्रव्यही ठिसूळ. दोन्ही घट्ट एकजीव झाली तर तडा आरपार जातो. म्हणून तंतूवर बोरॉन नायट्राइडचा किंवा कार्बनचा अतिशय पातळ थर चढवतात. तडा या कच्च्या थरापाशी वळतो, तंतू घासत-ओढत सुटतात आणि तुकडा एकदम फुटत नाही. पेटंटाचा जीवही बहुतेकदा या थरातच असतो. पेटंट अधिनियम, १९७० चे कलम ३(ई) घटकांच्या गुणांची नुसती बेरीज असलेल्या मिश्रणाला पेटंट नाकारते. दोन ठिसूळ घटकांतून चिवटपणा उपजला, हे अर्जदाराने आकड्यांनिशी दाखवायचे असते.

संमिश्र बनवताना भट्टी किती तासांत, कशी तापवायची ही खरी गोम. तयार भाग पाहून ती चोरली गेली हे ओळखणे अवघड, त्यामुळे ती गुपित ठेवण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण पेटंट हवे तर कलम १० प्रमाणे अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करावी लागते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा या विषयाशी संबंध येतो तो मुख्यतः चाचणीच्या अंगाने. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था ‘व्हीआरडीई’ येथे आहे आणि येथल्याच लष्कराच्या के. के. रेंजवर २२ सप्टेंबर २०२० रोजी अर्जुन रणगाड्यातून लेझर-मार्गदर्शित रणगाडाभेदी क्षेपणास्त्राची चाचणी झाली. लष्कराच्या बंद हद्दीतली चाचणी आणि चारचौघांत घेतलेली चाचणी यांत कायदा फरक करतो. शोधाच्या स्वरूपामुळे उघड्यावर चाचणी घेणे भागच असेल, तर कलम ३२ नुसार अग्रक्रम-तारखेआधीच्या एका वर्षातील तशा वाजवी चाचणीने नवीनता जात नाही. तिथे विक्री मांडली तर मात्र हे कवच लागू नाही.

जिल्ह्यातला अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो. विषय संरक्षणाशी निगडित वाटल्यास कलम ३५ खाली त्याचे प्रकाशन रोखता येते. कलम ३९ तर अर्जदाराचा परदेशाचा रस्ताही अडवते : आधी परवानगी घ्या, नाहीतर येथे अर्ज करून सहा आठवडे थांबा, संरक्षण वा अणुऊर्जेशी संबंधित शोधाला केंद्र सरकारची संमती लागतेच.

हक्काची मुदत अर्जापासून २० वर्षे. या क्षेत्रात ती तोकडी पडते : जनरल इलेक्ट्रिकने सिलिकॉन कार्बाइडच्या संमिश्रावर दोन दशकांहून अधिक काळ काम केले, तेव्हा कुठे २०१६ मध्ये त्याचे भाग असलेले ‘लीप’ इंजिन प्रवासी विमानांत रुजू झाले.