मुंबई ते जेद्दा : पाच तासांचा दूरचा प्रवास

मुंबईपासून जेद्दा हवाई मार्गाने सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. विमानाला पाच-साडेपाच तास पुरतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे सकाळी दहाला निघालेला हजयात्री तिथल्या दुपारी एकच्या सुमारास उतरतो. घरून बांधून दिलेली पोळी तोवर मऊच असते.

हीच वाट एके काळी फार लांबची होती. मोगल काळात यात्रेकरू सुरतेहून निघत, म्हणून त्या बंदराला मक्केचा दरवाजा म्हणत. शिडाची जहाजं वाऱ्याच्या भरवशावर चालत. मोसम चुकला की मुक्काम ठरलेला. पुढे आगबोटी आल्या आणि हा मान मुंबईकडे आला. १८७७ साली मुंबईत स्थापन झालेली, पुढे मोगल लाइन या नावाने ओळखली गेलेली कंपनी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना नेत राहिली. जुन्या बोटींना जेद्दा गाठायला बारा ते पंधरा दिवस लागत.

पण समुद्र ओलांडला म्हणजे पोहोचलो, असंही नव्हतं. १८६५ साली हजच्या काळात पटकीची मोठी साथ पसरली. त्यानंतर साथ रोखण्यासाठी नियम कडक झाले आणि १८८२ पासून तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवू लागले. मक्का जवळ आलेली, आणि पाय मात्र बेटावर अडकलेले!

माझे आजोबा १९७८ साली बोटीने गेले. मी तेव्हा तिसरीत होतो. निघण्याआधी आठवडाभर ते गावात घरोघर फिरले. ‘कहा-सुना माफ करा’, एवढंच म्हणायचे. बांधावरून ज्यांच्याशी बारा वर्षं अबोला होता, त्या शेजाऱ्याच्या ओट्यावरही ते जाऊन बसले. शेजारी म्हणाले, ‘मियाँ, सुखरूप या. बांधाचं नंतर बघू.’ आजोबांच्या ट्रंकेत तांदूळ, लोणचं आणि तळाशी स्वतःचं कफन होतं. दूर जायचं म्हणजे परतण्याची खात्री नाही, हे त्या पिढीला ठाऊक होतं.

मुंबई-जेद्दा हजबोट १९९५ साली बंद झाली. बोटीवरची गर्दी, आजारपण, समुद्र लागणं ज्यांनी सोसलं, त्यांना विमान ही मेहरबानीच वाटली असेल. त्या हालांचं कौतुक मी करणार नाही. पण २०२० आणि २०२१ साली करोनामुळे परदेशी यात्रेकरूंना हज बंद झाला. विमानं होती, अंतर तेवढंच होतं, तरी पाच तासांची वाट कुणालाच ओलांडता आली नाही. कमरान बेट आठवलं.

वाट आखूड झाली, हे चांगलंच झालं. मात्र ती लांब होती म्हणून माणसं निघण्यापूर्वी शेजाऱ्याचा उंबरा चढत. मक्का आता पाच तासांवर आली आहे. शेजाऱ्याचा ओटा तेव्हाही वीस पावलांवर होता, आजही तिथंच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)