पार्श्वसंगीताविना नीरा

‘कुंकू’ बघायला बसलात की पहिली काही मिनिटं हेडफोन बिघडलाय का असं वाटेल. बिघडलेला नाही. ‘प्रभात’च्या या सिनेमात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. साल १९३७. दृश्यात जे वाजतंय तेच ऐकू येणार, असा नियम. भांडी, पावलं, भिंतीवरचं घड्याळ. आणि नीराची गाणी.

हे किती धाडसाचं होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि पुढची पन्नास वर्षं मराठी माणूस पात्राचं मन पदांतून ऐकत राहिला. गंमत अशी की पद रंगलं की पात्र बाजूला व्हायचं आणि गायक उरायचा. विरहाच्या पदाला तीन-तीन वन्समोअर! नायिका रडायची थांबून पुन्हा पहिल्यापासून रडायची. आमच्या पनवेलच्या फडके नाट्यगृहात आज कुणी असा वन्समोअर मागितला तर मीही टाळ्या वाजवेन, पण तेव्हा आपण नायिकेचं दुःख नाही, तान ऐकत असतो.

बोलपट आले तेव्हा ही सवय सोबत आली. ‘प्रभात’च्या १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये संगीत आणि नायकाची भूमिका दोन्ही गोविंदराव टेंब्यांकडे, म्हणजे थेट नाटकाच्या परंपरेतल्या माणसाकडे.

फट पडली ती १९३३मध्ये, आणि ती रंगभूमीवरच. ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर बेतलेलं, गाणी मोजकी, प्रसंगाला धरून. संगीत केशवराव भोळ्यांचं, आणि कलाकारांत केशवराव दाते. चार वर्षांनी हेच दोन केशवराव ‘कुंकू’त दिसतात. भोळे संगीतकार, दाते म्हातारे वकील काकासाहेब.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची ही कथा. पोरक्या नीराला मामा पैशांसाठी या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. काकासाहेबांची मुलं तिच्याच वयाची. लग्न लागलेलं आहे, पण ती त्यांना नवरा मानायला नकार देते. त्या काळच्या घरात सुनेने असा नकार तोंडाने किती वेळा द्यायचा? म्हणून ती गाते.

इथे पार्श्वसंगीत नसल्याचा खरा फायदा कळतो. व्हायोलिन आपल्याला ‘आता वाईट वाटून घ्या’ असं सांगत नाहीत. साथ हवी तर घरातला ग्रामोफोन. त्यामुळे नीराचं गाणं ही तिने त्या घरात केलेली एक कृती ठरते, कुणीतरी भांडं आपटावं तशी. शांता आपटे स्वतःच गायच्या. पार्श्वगायन नुकतंच सुरू झालं होतं, पण इथे चेहरा आणि गळा एकाच बाईचा आहे. गाताना त्यांचे डोळे आणि हातही बोलतात.

एका ठिकाणी तर ती चक्क इंग्रजीत गाते, लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’. अमेरिकेत १८३८मध्ये छापलेली, हातपाय गाळू नका म्हणणारी कविता, शंभर वर्षांनी एका मराठी मुलीच्या तोंडी. आज ऐकताना उच्चारांवर हसू येऊ शकतं. मला मात्र ते तिचं सगळ्यात उद्धट गाणं वाटतं. आपण शिकलोय, हे ती त्या घराला ऐकवते आहे.

काकासाहेबांच्या वाट्याला घड्याळ आहे. त्याची टिकटिक त्यांचं वय मोजत राहते, आणि तीही संगीताचंच काम करते.

शेवट मला तितका पटत नाही. काकासाहेबांना आपली चूक उमगते, नीराला पुन्हा लग्न करायला मोकळीक देणारं पत्र लिहून ते जीव देतात. म्हणजे सुटका झाली तीही त्यांच्याच सहीने. तोपर्यंत नीराने आपलं म्हणणं गाऊन कधीच सांगून टाकलेलं असतं.