डीपीजवळून लाईटची केबल पुरताय? आधी अर्थिंगचे खड्डे कुठे आहेत ते बघा

गोठ्यापुढे, विहिरीच्या वाटेवर, मंदिराच्या आवारात जमिनीखालून केबल टाकून एलईडी दिवे बसवायचं काम आता गावोगावी होतं. काम सोपं वाटतं. पण केबलचा चर डीपी म्हणजे रोहित्राच्या जवळून जात असेल, तर नेहमीची काळजी पुरत नाही.

डीपीजवळची जमीन वेगळी का?

गावातल्या डीपीला साधारणपणे ११ केव्ही म्हणजे ११,००० व्होल्टची लाईन येते. डीपीच्या आसपास अर्थिंगचे खड्डे असतात आणि खांबावरून उतरणारी जस्त चढवलेली पट्टी किंवा तार त्यात जाते. वीज पडली, इन्सुलेटर फुटला किंवा अरेस्टर खराब झाला की मोठा करंट या पट्टीतून जमिनीत उतरतो. त्या क्षणी खड्ड्याजवळची जमीनच व्होल्टेजवर येते.

समजा खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे आणि १०० अँपिअर करंट उतरला, तर तिथे ५०० व्होल्ट तयार होतात. खड्ड्यापासून दूर जावं तसं हे व्होल्टेज कमी होतं. म्हणून तिथे उभ्या माणसाच्या दोन पायांखाली वेगवेगळं व्होल्टेज असू शकतं आणि करंट पायांतून जातो. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे त्यांना धोका अधिक. पावसाळ्यात डीपीजवळ जनावरं बांधू नयेत असं सांगतात ते यामुळेच.

केबलमुळे धोका घरापर्यंत येतो

आर्मर्ड केबलवरचं लोखंडी कवच, लोखंडी पाईप किंवा तारेचं कुंपण डीपीच्या खड्ड्याजवळून गेलं, तर तिथलं व्होल्टेज त्या धातूतून थेट दिव्याच्या खांबापर्यंत किंवा घराच्या अर्थिंगपर्यंत पोहोचू शकतं. हे व्होल्टेज बाहेरून, जमिनीतून येतं. त्यामुळे घरातला एमसीबी किंवा आरसीसीबी त्यावर भरवशाचा नाही, आणि मेन स्विच बंद केला तरी अर्थिंगची तार तुटत नाही. म्हणून खरा उपाय एकच: तिथे धातू न्यायचाच नाही.

काम करताना काय पाळावं?

१. खोदण्याआधी महावितरणच्या स्थानिक कार्यालयात सांगून लाईनमनकडून अर्थिंगचे खड्डे, पट्ट्या आणि जमिनीखालच्या केबल दाखवून घ्याव्यात. किती अंतर सोडायचं तेही तिथूनच विचारावं.

२. शक्य असेल तर चराचा मार्गच बदलावा. चार-पाच मीटर केबल जास्त लागली तरी चालेल.

३. दुसरी वाटच नसेल तर त्या टप्प्यात लोखंडी पाईप नको. केबल जाड प्लास्टिकच्या एचडीपीई पाईपमधून, जोड न देता न्यावी. आर्मर्ड केबल वापरायची की नाही आणि तिचं कवच कुठे जोडायचं, हे परवानाधारक ठेकेदारानेच ठरवावं.

४. घरगुती दाबाच्या केबलचा चर साधारण ७५ सेंटिमीटर म्हणजे अडीच फूट खोल हवा. केबलच्या खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि वर धोक्याची पट्टी टाकून माती भरावी.

५. घरचं किंवा दिव्यांचं अर्थिंग डीपीच्या पट्टीला कधीच जोडू नये. त्यासाठी वेगळा खड्डा, डीपीपासून लांब.

६. दिव्यांच्या लाईनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावावा. दिव्यातला किंवा केबलमधला बिघड तो पकडतो.

७. जोडणी मीटरनंतरच घ्यावी. डीपीच्या पेटीतून थेट तार ओढणं ही वीजचोरी आहे आणि जीवघेणंही.

डीपीला लागूनच उजेड हवा असेल तर केबल नसलेला, प्लास्टिक बॉडीचा सोलर दिवा सगळ्यात सोपा.

खोदताना पट्टी लागली तर

टिकाव किंवा जेसीबीला पट्टी, तार किंवा केबल लागली की काम तिथेच थांबवावं. तुटलेली अर्थिंगची तार हाताने जोडू नये. दोन टोकं दोन हातांत धरली तर करंट शरीरातून जाऊ शकतो. पट्टी भंगार समजून काढूही नये. ती गेली की सगळ्या गावाच्या जोडण्यांना धोका होतो. १९१२ या क्रमांकावर कळवावं.

जमिनीतून झिणझिण्या आल्या तर पळू नये, लांब ढांगा टाकू नयेत. दोन्ही पाय जवळ ठेवून, जमिनीवरून घासत छोट्या पावलांनी डीपीपासून दूर जावं. कोणी पडलं असेल तर लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. १०८ ला लगेच फोन करावा, आणि लाईन बंद झाली की श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी.

काम संपल्यावर ठेकेदाराकडून चाचणीचा अहवाल आणि चराचा साधा नकाशा घेऊन ठेवावा. पुढच्या वेळी पाईपलाईनसाठी खोदणाऱ्याला तोच कामी येईल.