कुरणांतील सोयरीक



ज्वारीबरोबर तूर पेरण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. एक पीक जमिनीकडून घेतें, दुसरें तिला कांहीं परत देतें, हें शेतकऱ्याला अनुभवानें ठाऊक होतें. हीच सोयरीक गवताच्या कुरणांत जुळवून एका अख्ख्या देशानें आपला संसार कसा थाटला, आणि पुढें ती कशी विसकटली, ही हकीकत आज सांगावयाची आहे. तो देश न्यूझीलंड.

१८८२ सालीं 'डनेडिन' हें शिडाचें जहाज गोठविलेलें मांस घेऊन न्यूझीलंडहून लंडनला पोंचलें, आणि त्या देशाला विलायतेची बाजारपेठ खुली झाली. मांस, लोणी, लोकर, सर्वांचें मूळ एकच : गवत. वसाहतवाल्यांनीं अरण्यें तोडून, जाळून विलायती गवत पेरलें व त्यांत आपल्या मेथीच्या नात्यांतील क्लोव्हर ही तिपानी वनस्पति मिसळली. तांबड्या क्लोव्हरला मात्र बीं नीट धरेना. तिच्या खोल फुलांतील मकरंद आखूड जिभेच्या मधमाशीला पोंचेना. अखेर १८८५ सालीं इंग्लंडांतून लांब जिभेचे भुंगे आणून सोडले, तेव्हां ती अडचण दूर झाली.

क्लोव्हरच्या संगतीनें गवत कां पोसतें, याचा उलगडा त्याच सुमारास जर्मनींत झाला. हेलरीगेल व विलफार्थ यांनीं निर्जंतुक वाळूंत वाटाणा लावला. तो उपाशी राहिला. त्यांत मातीचें थोडें पाणी घालतांच मुळांवर गांठी आल्या व रोप तरारलें. ओट धान्याला त्या पाण्याचा असा लाभ झाला नाहीं. १८८६ सालीं हेलरीगेलनें बर्लिन येथें हा शोध जाहीर केला. गांठींतील जंतु हवेंतील नत्र बांधून झाडाला देतात व मोबदला म्हणून त्याची साखर घेतात. पुढें क्लोव्हरचीं मुळें-पानें कुजून आणि जनावरांच्या शेणमुतांतून तें नत्र गवताच्या वाट्याला येतें.

हें नत्र अगदीं फुकटचें होतें, असें मात्र समजूं नये. क्लोव्हरला स्फुरद भरपूर लागतें, आणि न्यूझीलंडच्या जमिनींत तें कमी. तें पुष्कळसें आलें पॅसिफिक महासागरांतील नौरू या चिमुकल्या बेटावरून. १९१९ सालीं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनीं आपसांत करार करून तेथील स्फुरदाच्या खाणी आपल्या हातीं घेतल्या. १९६८ सालीं नौरू स्वतंत्र झालें, तेव्हां बेटाचा बराच भाग उकरून ओसाड झालेला होता. एकाचें हिरवें कुरण दुसऱ्याच्या उघड्या खडकावर उभें होतें.

पुढें १९८२ सालीं कापुनी येथें नैसर्गिक वायूपासून युरिया करण्याचा कारखाना निघाला. १९९० नंतर दुभत्या गाईंचे कळप वाढले, तसा युरियाचा वापरही कितीतरी पटींनीं वाढला. पोत्यांतून नत्र येऊं लागलें कीं गवत उंच वाढून क्लोव्हरवर सावली धरतें, आणि आयतें नत्र मिळाल्यानें तिच्या गांठीही आपलें काम आवरतात. घरचा कमावता माणूस हातपाय गाळून बसला म्हणजे बाहेरून उसनें आणावें लागतें. जों जों उसनें आणावें, तों तों तो अधिकच बसतो. उरलेलें नत्र पावसाबरोबर नद्यांत व भूगर्भांतील पाण्यांत उतरलें. अखेर १ जुलै २०२१ पासून चराऊ जमिनींत वर्षाला हेक्टरी १९० किलोहून अधिक कृत्रिम नत्र टाकण्यास सरकारनें बंदी घातली.

कायद्यानें मर्यादा घालतां येते. सोयरीक मात्र कायद्यानें टिकत नाहीं. तिच्यासाठीं गवत वेळेवर चारून क्लोव्हरला ऊन द्यावें लागतें, आणि हाताशीं असलेलें पोतें न सोडण्याचा संयम धन्याला राखावा लागतो.