तळखडा, बिब्बा आणि अल्ड्रिन

अमरावतीच्या परकोटाच्या आतल्या जुन्या गल्ल्यांत, बाळापुरात किंवा अचलपुरात एखादा वाडा अजून उभा असेल तर त्याच्या लाकडी खांबांचं बूड पाहावं. खांब सहसा जमिनीत रोवलेला नसतो, त्याच्याखाली घडीव दगडाचा तळखडा असतो. तळखडा खांबाला ओलीपासून वाचवतो हे उघडच आहे. त्याचं दुसरं काम उधईच्या बंदोबस्ताचं. दगड वाळवीला अडवत नाही, पण तिला उघड्यावर आणतो. लाकडापर्यंत पोचायचं तर तिला दगडावरून मातीची नळी बांधत चढावं लागतं आणि ती नळी झाडलोट करणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटत नाही. वऱ्हाडातल्या जुन्या बांधकामाची खरी हुशारी वाळवी मारण्यात नव्हती, ती लवकर दिसावी अशी सोय करण्यात होती.

घरांना लागणारी वाळवी बहुतेक जमिनीतली असते. तिची कामकरी फौज आंधळी, फिकट आणि पातळ कातडीची. कोरड्या हवेत ती फार वेळ टिकत नाही, म्हणून माती आणि लाळ कालवून बांधलेल्या बंद वाटेनेच तिची ये-जा चालते. शेतात मोठी वारुळं उभारणारी ओडोंटोटर्मिस वेगळी आणि घरातल्या लाकडात शिरणारी कॉप्टोटर्मिस किंवा हेटेरोटर्मिस वेगळी. अर्थात वारूळवाली घरात येतच नाही असं समजून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. या किड्याचा पद्धतशीर अभ्यास भारतात फार पूर्वी सुरू झाला. तंजावर भागात राहणाऱ्या योहान गेरहार्ड कोनिग यांचा निबंध 1779 साली प्रसिद्ध झाला होता.

वऱ्हाडची जमीनही तिच्या सोयीची. काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगाळलेल्या पायातून वाळवीला आयता रस्ता मिळतो. जुनी गावं काळीत न वसता पांढरीवर वसली, त्यामागे इतर कारणांबरोबर भिंती न तडकण्याचंही कारण होतं. त्याच पांढऱ्या, खारवट मातीचा थर धाब्यावर पडे. खाली सागाच्या कड्या, वर फळ्या किंवा तुराट्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर माती. दर उन्हाळ्यात, मिरग लागण्याआधी, धाबं चाळून त्यावर नवी माती घालायची. या कामात कड्यांची तपासणी आपोआप होऊन जाई.

मेळघाटचं सागवान मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नसे. ऐपत नसलेल्यांची घरं कडुनिंब-बाभळीच्या मेढींवर आणि पऱ्हाटी-तुराटीच्या कुडावर उभी राहत. वर शेणामातीचा गिलावा. आत वाळलेलं खोड आणि बाहेर ओली माती, यापेक्षा चांगला पाहुणचार वाळवीला कोण देणार? असे कुड थोड्या वर्षांनी बदलावेच लागत. ज्यांना ते बदलायला सवड आणि पैसा नव्हता, त्यांच्या घराचं काय होई हे वेगळं सांगायला नको.

घरगुती उपायांची यादी लांबलचक आहे. चुना, कडुनिंबाचा पाला, करंजीचं तेल, पुढच्या काळात रॉकेल. पोथ्यांच्या आणि दप्तरांच्या रुमालात वेखंड. लाकडाला बिब्ब्याचं तेल चोपडायची रीत मात्र या सगळ्यांत दमदार. बिब्बा सातपुड्याच्या जंगलात मुबलक, त्याचं काळं तेल लाकडात मुरतं आणि पाणी धरू देत नाही. चोपडणाऱ्याच्या हातावर फोड आणण्याइतकं ते जहाल असतं, तेव्हा ते काही निव्वळ समजुतीवर चालत नसे. कडुनिंबाच्या पाल्याबद्दल तितक्या खात्रीने बोलता येणार नाही. परसातलं वारूळ खणून बोटाएवढी राणी काढणं हा आणखी एक उपाय, पण नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा करायची त्यावर कुदळ कोण चालवणार, हाही प्रश्न असे.

1867 साली रेल्वे नागपुरापर्यंत पोचली, तेव्हा तिची वाट अकोला आणि बडनेऱ्यावरून गेली. लाकडी स्लीपर कुजणं आणि वाळवीला बळी पडणं ही भारतातल्या रेल्वेची जुनी डोकेदुखी होती, ओतीव लोखंडाचे स्लीपर इथे रुजण्यामागे तेही कारण होतं. लाकूडच विषारी करून टाकायचा एक मार्ग पुढे देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सापडला. सोंटी कामेशम यांनी 1933 साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. ‘अस्कू’ या नावाने ते जगभर गेलं.

घरांच्या बाबतीत मोठा बदल झाला तो स्वातंत्र्यानंतरच्या रसायनांनी. अल्ड्रिन, हेप्टाक्लोर, क्लोरडेन ही नावं ठेकेदारांच्या तोंडी बसली. भारतीय मानक 6313 ने पद्धत ठरवून दिली. पायाच्या खड्ड्याच्या तळाला दर चौरस मीटरला 5 लिटर द्रावण. उभ्या घरात फरशी आणि भिंतीच्या सांध्यालगत दर 300 मिलिमीटरवर 12 मिलिमीटरचं भोक, त्यात औषध सोडून वर सिमेंट. ही रसायनं मातीत वर्षानुवर्षं टिकत आणि त्याच गुणाचं कौतुक होई. पुढे तोच गुण त्यांच्या मुळावर आला. 1996 साली तिन्हींवर देशात बंदी आली, लिंडेनचा वापर 2013 साली थांबला. त्यांची जागा क्लोरपायरिफॉस, इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल यांनी घेतली.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर शेतातल्या मुखवट्या-हातमोज्यांची चर्चा तरी झाली. घरात भोकं पाडून औषध भरणाऱ्या पोराच्या हातात मोजे आहेत का, हे मात्र अजून फारसं कुणी विचारत नाही.

आता धाबं गेलं, स्लॅब आला. वर्षाला एकदा घर उलगडून बघायची सवयही गेली. तिसऱ्या मजल्यावर वाळवी येत नाही हा समज तर फारच पक्का. ती नळांच्या डक्टमधून, विजेच्या पाइपमधून वर चढते आणि गळक्या बाथरूमच्या ओलीवर तग धरते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमलेले आणि सकाळी खिडकीत नुसते पंख टाकून गेलेले किडे हा जुना इशारा. चारही पंख सारखे आणि कंबर बारीक नसेल तर ती मुंगी नव्हे. चौकटीवर पेचकसाच्या मुठीने ठोकत गेल्यावर आवाज बद्द झाला तर तिथे टोचून पाहावं. आत माती निघाली तर वाळवी. नुसता पिठासारखा भुसा गळत असेल तर तो भुंगेऱ्याचा उद्योग, त्याचं औषध वेगळं. घरोघरी या दोघांची गल्लत होते आणि पैसे भलत्याच औषधावर जातात.

वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचं सागवान विकायला येतं. जाणता सुतार कडीच्या मधल्या भागाकडे बघतच नाही. तो आधी दोन्ही टोकं बघतो. भिंतीत गाडलेलं, मातीला टेकलेलं टोक वाळवीने पोखरलेलं असतं, तर खोलीवर उघडं राहिलेलं मधलं लाकूड बहुधा शाबूत. सालीलगतचा पांढुरका भागही तो तासून टाकतो, कारण सागाचा कस गाभ्यात असतो, सालीलगत नाही. टोकं कापून उरलेल्या कडीचा भाव ठरतो आणि तिच्या चौकटी नव्या फ्लॅटमध्ये बसतात.