एकच आकडा, दोन हिशेब : अणुचाचण्यांचा वाद आणि दुधाचे दात

१/ २० फेब्रुवारी १९५८. सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी या दूरचित्रवाणी केंद्रात दोन शास्त्रज्ञ समोरासमोर बसले. एक लायनस पॉलिंग, रसायनशास्त्राचे नोबेल विजेते. दुसरे एडवर्ड टेलर, हायड्रोजन बॉम्बच्या निर्मात्यांतील प्रमुख नाव. विषय होता अणुचाचण्यांमुळे जगभर पसरणारी किरणोत्सारी धूळ. दोघांसमोर मापने जवळपास सारखीच होती, निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध. हे कसे घडले आणि पुढे या वादाचे काय झाले, ते या धाग्यात पाहू.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी कंकणद्वीपावर 'कॅसल ब्राव्हो' ही चाचणी घेतली. अपेक्षा सुमारे ६ मेगाटनांची होती. स्फोट झाला १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या साधारण हजारपट. इंधनातील लिथियम-७ हे समस्थानिक निष्क्रिय राहील असे शास्त्रज्ञांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्यातूनही ट्रिटियम तयार झाले आणि स्फोट भडकला. जगातील सर्वोत्तम गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ हाताशी असतानाही ही चूक झाली, हे ध्यानात ठेवावे.

३/ त्या पहाटे 'दाइगो फुकुर्यू मारू' ही जपानी मासेमारी नौका बिकिनीपासून सुमारे १३० किलोमीटरवर, जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. काही तासांनी डेकवर पांढरी भुकटी पडू लागली. स्फोटात भस्म झालेल्या प्रवाळाची ती किरणोत्सारी राख होती. नौकेवरील २३ जणांना भाजल्यासारखे व्रण, मळमळ, केस गळणे असा त्रास सुरू झाला. रेडिओ चालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला मरण पावले. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्राउस यांनी मात्र नौका धोक्याच्या क्षेत्रातच असली पाहिजे, असे सांगून टाकले होते.

४/ त्याच राखेचा थर रोंगेलॅप बेटावरही साचला. तेथील माणसांना काय घडते आहे याची कल्पना नव्हती. मुले त्या पांढऱ्या भुकटीत खेळली. त्यांना तेथून हलविण्यास दोन दिवस लागले. १९५७ मध्ये त्यांना परत आणण्यात आले. पुढे त्यांच्यात थायरॉइडचे विकार वाढले आणि १९८५ मध्ये ते स्वतःच बेट सोडून गेले. या धाग्यात 'सरासरी' हा शब्द पुढे अनेकदा येईल. प्रत्येक वेळी रोंगेलॅप आठवावे.

५/ ब्राव्होनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित ठेवण्याचा करार व्हावा अशी मागणी केली. परिणामांचा शास्त्रीय अभ्यास करण्याचे काम भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारी यांच्याकडे आले. त्यातून १९५६ मध्ये अणुस्फोटांच्या परिणामांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला नेहरूंची प्रस्तावना आहे. जपानमध्ये अण्वस्त्रबंदीच्या मागणीवर तीन कोटींहून अधिक स्वाक्षऱ्या जमल्या. ज्यांनी एकही बॉम्ब बनविला नव्हता, त्यांनाही या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आहे, ही भूमिका येथून उभी राहिली.

६/ भीती मुख्यतः स्ट्रॉन्शियम-९० ची होती. हे मूलद्रव्य रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमसारखे वागते. स्फोटाबरोबर ते वातावरणाच्या वरच्या थरात जाते, महिनोन्‌महिने तेथे फिरते, मग पावसाबरोबर जमिनीवर उतरते. गवत ते शोषते, गाय गवत खाते, मूल दूध पिते आणि वाढते हाड त्याला कॅल्शियम समजून साठवून ठेवते. अर्धायुष्य सुमारे २९ वर्षे. म्हणजे नेवाडात किंवा सोव्हिएत संघात झालेल्या स्फोटाचा अंश हजारो किलोमीटर दूरच्या बाळाच्या हाडात पोहोचू शकत होता.

७/ हा प्रश्न राजकारणापासून अलिप्त राहणे शक्यच नव्हते. १९५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या थांबविण्याचा मुद्दा मांडला. ऐन प्रचारात सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी त्या कल्पनेची पाठराखण करणारे पत्र पाठविले आणि स्टीव्हन्सन यांची कोंडी झाली. शत्रूला जे पटते ते आपल्याला कसे पटावे, हा तर्क मतदारांना पुरेसा वाटला. मुद्दा खरा की खोटा हे बाजूला पडले. तो कोणाच्या तोंडून आला एवढेच उरले.

८/ १५ मे १९५७ रोजी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॉलिंग यांनी भाषण केले आणि तेथेच जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर व भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्यासह चाचणीबंदीचे आवाहन तयार केले. काही आठवड्यांत दोन हजारांहून अधिक अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यावर सह्या केल्या. जानेवारी १९५८ मध्ये ते संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झाले, तेव्हा जगभरातील नऊ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या त्यावर होत्या.

९/ आता टेलर यांची बाजू. ती नीट समजून घेतली नाही तर हा इतिहास कळणार नाही. टेलर बुडापेस्टचे. बालपणी १९१९ ची कम्युनिस्ट राजवट पाहिलेली, पुढे ज्यूद्वेषामुळे देश सुटलेला. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडला, तो त्यांच्या जन्मभूमीत. त्यांचे म्हणणे असे : चाचण्या थांबविल्या तर सोव्हिएत संघ गुपचूप पुढे जाईल. चाचण्या चालू ठेवल्या तर कमी धूळ उडविणारे 'स्वच्छ' बॉम्ब बनविता येतील. आणि धुळीचा प्रत्येक माणसाला असलेला धोका नित्याच्या जीवनातील इतर धोक्यांपुढे नगण्य आहे.

१०/ खरा मतभेद येथे आहे. उदाहरणापुरते समजा, धुळीमुळे एका माणसाला प्राणघातक आजार होण्याची शक्यता एक लाखात एक आहे. टेलर म्हणणार, एवढ्या धोक्याची चिंता कोणता शहाणा माणूस करील? पॉलिंग त्याच आकड्याला तेव्हाच्या जगाच्या लोकसंख्येने, सुमारे २९० कोटींनी, गुणणार. उत्तर येते २९ हजार माणसे. आकडा एकच. एकाने तो एका माणसापुरता पाहिला, दुसऱ्याने साऱ्या माणसांची बेरीज केली. दोघांचेही अंकगणित बरोबर.

११/ अर्थात या गुणाकारामागे एक गृहीतक आहे : किरणोत्साराची मात्रा कितीही अल्प असली तरी ती प्रमाणात अपाय करतेच, त्याला सुरक्षित उंबरठा नाही. टेलर यांनी नेमके यावर बोट ठेवले. इतक्या अल्प मात्रेचा अपाय सिद्ध झालेला नाही, असे ते म्हणत. हा आक्षेप पोकळ नव्हता. अल्प मात्रेच्या परिणामांवर आजही शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण मग प्रश्न उरतो : खात्री नसताना धोका कोणी पत्करायचा, आणि त्यासाठी कोणाची संमती घ्यायची? हा प्रश्न भौतिकशास्त्र सोडवू शकत नव्हते.

१२/ पोलादी पडद्याच्या पलीकडेही एक माणूस हाच गुणाकार करीत होता : सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बचे एक जनक आंद्रेई सखारोव्ह. १९५८ च्या त्यांच्या लेखातील हिशेब असा की वातावरणातील प्रत्येक मेगाटन स्फोटामागे पुढील हजारो वर्षांत मिळून सुमारे दहा हजार माणसे बळी पडतील. जुलै १९६१ मध्ये त्यांनी चाचण्या पुन्हा सुरू करू नयेत असे ख्रुश्चेव्ह यांना लिहून कळविले. ख्रुश्चेव्ह यांनी सर्वांदेखत त्यांना सुनावले : राजकारण आमच्यावर सोडा. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ५० मेगाटनांचा 'त्सार बॉम्ब' फुटला. त्याच्या निर्मितीत सखारोव्ह स्वतः होते.

१३/ अमेरिकेत शिक्षेची रीत निराळी होती. १९५२ मध्येच पॉलिंग यांना पारपत्र नाकारले गेले होते. जून १९६० मध्ये सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने त्यांना पाचारण केले आणि स्वाक्षऱ्या गोळा करणाऱ्यांची नावे मागितली. पॉलिंग यांनी नकार दिला. स्वाक्षरी करणाऱ्यांची यादी तर जाहीरच होती. पण माझ्यावर विश्वास ठेवून धावपळ करणाऱ्या तरुणांना मी अडचणीत आणणार नाही, ही त्यांची भूमिका होती. तुरुंगवासाची शक्यता समोर असतानाही ते हटले नाहीत.

१४/ दरम्यान, सरकारला हाडांतील स्ट्रॉन्शियम मोजायचे नव्हते असे नाही. १९५३ पासून 'प्रोजेक्ट सनशाइन' या नावाने ते काम चालूच होते. त्यासाठी निरनिराळ्या देशांतून मृतांची, विशेषतः बालकांची हाडे मिळविली गेली. अनेकदा आईवडिलांना न सांगता. आयोगाचे सदस्य विलार्ड लिब्बी यांनी १९५५ च्या एका बैठकीत, कोणाला मृतदेह चोरण्याची युक्ती ठाऊक असेल तर ती देशसेवाच ठरेल, अशा आशयाचे उद्गार काढले. ही कागदपत्रे सार्वजनिक चर्चेत आली ती थेट १९९५ मध्ये.

१५/ याच्या अगदी उलट मार्ग सेंट लुईसमध्ये निघाला. तेथील दुधात स्ट्रॉन्शियम-९० चे प्रमाण मोजणी झालेल्या अन्य शहरांच्या तुलनेत ठळकपणे अधिक आढळत होते. कॉमनर आणि काही नागरिकांनी १९५८ मध्ये अणुविषयक माहिती देणारी एक समिती स्थापन केली. डॉ. लुईस रीस यांच्या देखरेखीखाली त्या वर्षाअखेर एक साधी विनंती घरोघर गेली : मुलांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला द्या.

१६/ दातच का? दाताचा मुकुट गर्भात आणि पहिल्या काही महिन्यांत घडतो. त्यानंतर त्यातील खनिजे फारशी बदलत नाहीत. म्हणून १९५९ मध्ये पडलेला दात १९५२ च्या दुधाची व पावसाची साक्ष देतो. प्रत्येक दातासोबत जन्मतारीख आणि गरोदरपणी आईचे वास्तव्य कोठे होते याची नोंद असे. शाळा, ग्रंथालये, दंतवैद्य यांच्यामार्फत दात येऊ लागले. देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे : मी माझा दात विज्ञानाला दिला. १९७० पर्यंत सुमारे ३ लाख २० हजार दात जमले.

१७/ पहिले निष्कर्ष नोव्हेंबर १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या दशकारंभी जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० वर्षागणिक वाढत होते. पुढे असेही दिसले की १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांतील प्रमाण १९५० च्या मुलांच्या तुलनेत सुमारे पन्नासपट होते. या दातांनी कोणी आजारी पडल्याचे सिद्ध केले नाही, तसा त्यांचा दावाही नव्हता. त्यांनी एवढेच दाखविले की 'जगाची सरासरी' म्हणजे आपल्याच मुलाचा जबडा आहे.

१८/ याच महिन्यात, १ नोव्हेंबर १९६१ रोजी, अमेरिकेच्या अनेक शहरांत सुमारे ५० हजार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. तरीही १९६२ या एका वर्षात जगात १७८ अणुचाचण्या झाल्या. ऑक्टोबरमध्ये क्यूबाच्या पेचप्रसंगाने जग युद्धाच्या काठावर नेले, त्यानंतरच दोन्ही राजधान्या गंभीर झाल्या. बोलणी अडली होती ती प्रत्यक्ष तपासणीवर : अमेरिकेला वर्षाला ७ तपासण्या हव्या होत्या, सोव्हिएत संघ ३ देऊ करीत होता. अखेर भूमिगत चाचण्या वगळून मार्ग काढला गेला.

१९/ २६ जुलै १९६३ रोजी केनेडी यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले. हाडांचा किंवा रक्ताचा कर्करोग होणाऱ्या मुलांची संख्या काहींना अल्प वाटेल, पण हा नैसर्गिक धोका नव्हे आणि हा संख्याशास्त्राचा प्रश्नही नव्हे, असा त्याचा आशय होता. ५ ऑगस्टला मॉस्कोत करार झाला. टेलर यांनी सिनेटपुढे विरोधात साक्ष दिली; सिनेटने ८० विरुद्ध १९ मतांनी तो मंजूर केला. १० ऑक्टोबर १९६३ रोजी करार लागू झाला. त्याच दिवशी पॉलिंग यांना १९६२ चे शांततेचे नोबेल जाहीर झाले.

२०/ हा निर्भेळ विजय नव्हता. चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि शस्त्रस्पर्धा चालूच राहिली. फ्रान्सने १९७४ पर्यंत, चीनने १९८० पर्यंत वातावरणात स्फोट केले. भारत या करारावर आरंभीच स्वाक्षरी करणाऱ्यांत होता. १८ मे १९७४ ची पोखरण चाचणी भूमिगत होती, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे. पण दुधातले स्ट्रॉन्शियम उतरू लागले. उत्तर गोलार्धाच्या हवेत जवळपास दुप्पट झालेला कार्बन-१४ कमी होत गेला.

२१/ मग बरोबर कोण होते? १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने नेवाडातील चाचण्यांच्या किरणोत्सारी आयोडीनमुळे संभवणाऱ्या थायरॉइड कर्करोगांचा अंदाज वर्तविला : सुमारे ११ हजार ते २ लाख १२ हजार. चाळीस वर्षांनंतरही पल्ला इतका मोठा. शास्त्रीय अनिश्चितता संपण्याची वाट पाहिली असती तर निर्णय झालाच नसता.

२२/ म्हणून या वादाकडे 'खरे शास्त्रज्ञ विरुद्ध खोटे शास्त्रज्ञ' असे पाहू नये. तंत्रज्ञानाच्या कोणत्याही वादात 'धोका नगण्य आहे' असे ऐकले की तीन प्रश्न विचारावेत : कोणासाठी नगण्य? एकूण किती जणांवर? आणि त्यांना विचारले होते का? हाडे न विचारता नेली गेली होती. दात मुलांनी आपण होऊन दिले. मोजलेला पदार्थ दोन्हीकडे एकच, स्ट्रॉन्शियम-९०. फरक विचारण्याचा होता. (धागा समाप्त)