दूरध्वनीच्या जाळ्यांचा तह

दोन राज्यांच्या सीमा भिडल्या म्हणजे जकातनाका कोठें बसवावयाचा, यावर तंटा होतोच. तारांच्या जाळ्यांचें तसेंच आहे. एका कंपनीच्या ग्राहकास दुसरीच्या ग्राहकाशीं बोलावयाचें असेल, तर त्यांच्या तारा कोठें व कोणत्या अटीवर जोडाव्या? अमेरिकेंत १९१३ सालीं या प्रश्नाचें एक उत्तर मिळालें. तें अपुरें होतें, म्हणूनच तें अभ्यसनीय आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या मूळ पेटंटांची मुदत १८९३-९४ मध्यें संपली. लागलीच गांवोगांव स्वतंत्र कंपन्या निघाल्या आणि कित्येक शहरांत दोन जाळीं शेजारीं शेजारीं पसरलीं. बेल कंपनी प्रतिस्पर्ध्यांस आपल्या तारा जोडूं देईना. सर्व गिऱ्हाइकांपर्यंत पोहोंचूं पाहणाऱ्या व्यापाऱ्याच्या मेजावर मग दोन यंत्रें आलीं, आणि माथीं दोन वर्गण्या.

१९०७ सालीं ए. टी. अँड टी. कंपनीचीं सूत्रें थिओडोर व्हेल यांच्या हातीं आलीं. सर्व देशांत जाळें एकच असावें, हें त्यांचें धोरण. त्यांनीं प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावला. सरकारनें मक्तेदारीविरोधी खटला भरला. तेव्हां १९ डिसेंबर १९१३ रोजीं उपाध्यक्ष नेथन किंग्जबरी यांनीं सरकारास पत्र लिहून तीन वचनें दिलीं: वेस्टर्न युनियन या तारकंपनीवरील ताबा सोडूं, प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेणें थांबवूं, स्वतंत्र कंपन्यांस आमच्या लांब पल्ल्याच्या मार्गांशीं जोडणी देऊं.

मर्म तिसऱ्या वचनांत आहे. जोडणी मिळाली ती लांब पल्ल्यापुरती, बेलच्या तांत्रिक अटींवर व निराळें शुल्क भरून. एकाच शहरांतील दोन केंद्रें तुटकच राहिलीं. दूरच्या नगराशीं बोलतां येई. समोरच्या दुकानदारासाठीं मात्र दुसरें यंत्र लागे. शिवाय स्वतःच्या लांब तारा टाकण्याची स्वतंत्र कंपन्यांची निकडहि ओसरली. १९२१ च्या कायद्यानें विलीनीकरणास वाट मिळाली, आणि बेलचें वर्चस्व पुढें १९८४ च्या विभाजनापर्यंत टिकलें.

१९९६ च्या कायद्यानें मात्र जोडणीची जागाच बदलली. तांत्रिक दृष्ट्या शक्य असेल अशा कोणत्याहि ठिकाणीं जुन्या स्थानिक कंपनीनें जोडणी द्यावी, असें त्यानें ठरविलें.

ब्रॉडबँडच्या ठोक व्यवहारांतहि हाच पेंच आहे. घरापर्यंतची तार भाड्यानें घ्यावी, तर केंद्रोकेंद्रीं स्वतःचीं यंत्रें बसवावीं लागतात. तयार प्रवाहच विकत घ्यावा, तर भांडवल थोडें लागतें, पण वेग व दर मालकाच्या हातीं राहतात. जोडणी मिळाली कीं नाहीं, एवढेंच पाहून भागत नाहीं. ती कोठें मिळाली, यावर स्वातंत्र्याचें माप ठरतें.